माडीवरचा पांढरा पत्रा

९ एप्रिल, बुधवार

माडीवर मुला-सुनेच्या खोलीत दुपारी पाऊल ठेववत नाही. डोक्यावर नुसता पत्रा. सुनेने, मनालीने, आज तिथल्या खिडकीतली मेणबत्ती आणून दाखवली. कमरेत वाकलेली. पेटवलेलीच नव्हती!

नितेश जेवताना म्हणाला, एसी घेऊ या, नायतर आम्ही तिकडे रोह्याजवळ अष्टमीला खोली बघतो, कंपनी पण जवळ पडेल. एका श्वासात दोन्ही.

एसी! आणि पत्र्याखाली एसी म्हणजे चाळणीत दूध ओतणं. मी म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मात्र एसी डोक्यात नव्हता. ही दोघं गेली तर हे आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींशी बोलणार आणि मी स्वैपाकघरात भांड्यांशी. एकुलता एक आहे. त्यांनी जाऊ नये, एवढंच. तोंडाने बोलणार नाही.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. पाणी शिंपडत राहिले. टाकी रिकामी झाली, गोणपाटं कोरडीच. आणि पागोळ्या गळल्या त्या अंगणात वाळत घातलेल्या शाडूच्या मूर्तींवर. ह्यांनी कारखान्यातून विचारलं, पाऊस आला काय? मी उठून मारुतीला रुईची माळ घातली.

१३ एप्रिल, रविवार

मनाली सिव्हिल डिप्लोमा. रोह्याला एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात नकाशे काढते, रोज जाऊन-येऊन. आज भाजी निवडताना म्हणाली, पत्रा पांढरा करा. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, गंजका पत्रा ते गिळून बसतो. खालून हातभर जागा सोडून बांबूची तट्टी मारा, आणि वरच्या अंगाला झरोके ठेवा — मधली तापलेली हवा आपली निघून जाईल.

मी म्हटलं, अगो, मग गेल्या उन्हाळ्यात का नाही बोललीस?

"तुम्ही विचारलं नाय, आई."

खरंच की. भाजीत मीठ घातलंस का, यापलीकडे मी तिला काय विचारलंय?

चुना आणि डिंक. एसीच्या पैशात आमच्या अख्ख्या हमरापूर गावाचे पत्रे पांढरे होतील. गजानना, बुद्धी दिलीस. जरा उशिरा दिलीस.

१६ एप्रिल, संकष्टी

काय लिहू!

काळुराम आमच्याकडे जन्मभर मूर्ती रंगवतोय. त्याला सकाळी सांगितलं, वर चढ आणि पत्रा पांढरा कर. मी तट्ट्या आणायला पेणला गेले. परत येते तर रिक्षावाल्याने वळणावरच रिक्षा थांबवली. म्हणाला, मावशी, ते तुमचंच घर ना?

पत्रा गुलाबी! गणपतीच्या अंगाला मारतो तो गुलाबी, तुकतुकीत.

काळुराम शिडीवरून उतरत होता, खुशीत. अस्तर वाळलं तसा लगेच अंगाचा रंग मारला म्हणे. मी म्हटलं, फक्त पांढरा सांगितला होता रे.

"वयनी, पांढरं म्हंजे अस्तर. अस्तर उघडं ठेवतात व्हय कुनी? उद्या सोनेरी किनार काढतो."

त्याचंही काय चुकलं? पांढऱ्यावर अंगाचा रंग — हात आपोआप चालतो. हे बाहेर आले, मान वाकडी करून वर पाहिलं, आणि रंग छान बसलाय म्हणाले. नितेश म्हणाला, आता आखणी करून डोळे काढा, म्हणजे झालं.

चंद्रोदयापर्यंत पोटात अन्न नाही, आणि त्यात हे.

१७ एप्रिल

शेजारची धोंडुबाई मुद्दाम येऊन विचारून गेली — छपराची प्राणप्रतिष्ठा कधी गो?

२० एप्रिल, रविवार

पुन्हा चुना. या वेळी मी आणि मनाली. पत्रा तापायच्या आत चढलो. ती नितेशची जुनी पँट घालून, मी कासोटा मारून. पाय खिळ्यांच्या रांगेवरच ठेवा, खाली वासा असतो, असं ती सारखं बजावत होती. काळुराम शिडी धरून, तोंड फुगवून उभा. असं नागवं छप्पर त्याने जन्मात पाहिलं नाही म्हणे.

वर दोघीच होतो. विचारलं, तुला जायचंय का गो अष्टमीला?

"ह्यांना सोपं पडेल."

आणि तुला? ते विचारायचं राहिलं. ब्रश कोरडा झाला होता.

२४ एप्रिल

तट्टी बसली, झरोके झाले. आज भर दुपारी माडीवर चटई टाकून झोपले. मी! घोरत होते म्हणे. नितेश अष्टमीच्या खोलीवाल्याला फोनवर सांगत होता — राहू द्या आता. जिन्यातून ऐकलं. देवाला पेढे.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

कारखान्यात झळांनी शाडूला तडे जातायत. शाडू सावकाश वाळायला हवा. ह्यांनी दोन मूर्ती माडीवर नेऊन ठेवल्या. दोनच रात्री, म्हणाले. एकीलाही तडा नाही. मला बरंच वाटलं.

२ मे, शुक्रवार

दोनच्या किती झाल्या ते मोजवत नाही. खिडकीत गणपती, कपाटापुढे गणपती, भिंतीला ओळीने गणपती. नितेश रात्रपाळीहून आला आणि दारातच उभा राहिला. पाय कुठे करायचे? कुठेही केले तरी देवाकडेच.

काळुराम म्हणाला, आखणी झाली नाय अजून, डोळेच नायत, कोन बघतंय? मी म्हटलं, देव तो देव. देवाकडे पाय करून माझ्या घरात कुणी झोपायचं नाही.

बोलून गेले, आणि मग कळलं काय बोलले.

हे म्हणाले, ओल्या मूर्ती हलवता येत नाहीत. तेही खरं. नितेशने पुन्हा त्या खोलीवाल्याला फोन लावला. पोरांना ठेवायला छप्पर केलं, आणि राहायला आला गणपती. त्याला निघ म्हणू कसं?

५ मे, सोमवार

गल्लीतले कारखानदार बघायला येतायत. मूर्ती हातात घेऊन तडा शोधतात, सापडत नाही, मग मान वर करून तट्टीकडे बघतात. देव आहेत म्हणून चपला जिन्यात. मनालीने रजा काढली होती. ती समजावते — झरोका कुठे, जागा किती सोडायची — आणि वयाने मोठे बाप्ये ऐकून घेतात. पांढरं ठेवायची अक्कल आपलीच, असं काळुराम जिन्यात प्रत्येकाला सांगतोय.

मी चहा करतेय. आणि नितेश-मनालीला बॅगा भरताना बघतेय.

११ मे, रविवार

नितेश अष्टमीला गेला. एकटाच. सुट्टीला येईन म्हणाला, पाहुण्यासारखा.

मनालीची बॅग मधल्या खोलीत आली, माझ्या गादीशेजारी. "आई, पाच कारखान्यांनी पत्रे पांढरे करायला सांगितलेत. रोह्याचं ऑफिस सोडलं मी. चुना तुम्ही कालवाल ना?"

मी पदर खोचला आणि चुन्याच्या दुकानात गेले, भाव पाडायला.