गोगलगायी, ओच्यामे आणि माझं तोंड

६ सप्टेंबर, शनिवार
प्रशिक्षणाला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही! जिल्ह्याहून आलेला तो पोरगेला साहेब, एडेम, शाळेच्या व्हरांड्यात रिकाम्या बाकांसमोर ताटकळत बसला होता. शनिवारी सभा! आमच्या गावात शनिवारी मयताचं काम असतं, दुसरं काही नसतं. आज पाववालीच्या थोरल्या भावाला पोचवलं. अख्खं गाव काळ्या-तांबड्यात, वर बँड. मी तशीच काळ्या कपड्यात शाळेवरून आले आणि त्याला सांगितलं, "बाबा रे, शनिवारी माणसं जमवायची असतील तर आधी मरावं लागतं." बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी गुरुवार ठरला. आमच्या रिवाजात गुरुवारी जमिनीला कुदळ लावायची नाही, त्यामुळे सगळे घरीच असतात.

मला या प्रशिक्षणाची एवढी घाई का? ते इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही. परवा आफ्रियेचा टेमाहून, बंदराच्या शहरातून, फोन आला. माझी लेक, माझ्याकडे राहणाऱ्या अडोमाची आई. म्हणाली, "आई, आता माझं घर लागलंय. डिसेंबरात अडोमाला न्यायला येते." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं— "ती कशी येईल? तिचा इथे क्लब आहे ना! मुलांचा! ती नसली तर बंदच पडेल!"

क्लब कुठला नि काय कुठला! मुलांनी मिळून प्राणी पाळायचा तो क्लब दोन वर्षांपूर्वीच मेला. मोठी माणसं भांडली आणि मुलं घरी गेली. आता जिल्ह्याचं म्हणणं असं, की गावातली मोठी माणसं आधी शिकून तयार झाली तरच क्लब पुन्हा सुरू होईल. म्हणजे माझी थाप खरी करायची तर मला विद्यार्थिनी व्हावं लागणार. निवृत्त सुईण, सिस्टर ताचिवा, वयाच्या या टोकाला!

थाप मारलीच आहे, तर आता निस्तरायची.

११ सप्टेंबर, गुरुवार
पहिला वर्ग. शिकणारे आम्ही तिघं. मी. शिंपी आम्पोन्सा, तो पहिल्या दहा मिनिटांत झोपला. आणि ओपानिन जेदू.

ओपानिन म्हणजे आमच्या गावच्या राजाचा जुना ओच्यामे. राजा खुर्चीवर बसून पुटपुटणार, आणि हा सोनेरी मुठीची काठी टेकवून तेच सगळ्या सभेला खणखणीत, नटवून-सजवून सांगणार. लोकांनी राजाला काही सांगायचं तेही याच्याच तोंडून. उभा जन्म दुसऱ्याचं बोलण्यात गेला. काठी आता पुतण्याकडे गेलीय. हा छत्री घेऊन फिरतो, पण धरतो अगदी काठीसारखी.

एडेमने पहिलाच नियम सांगितला. क्लबची सभा मुलं चालवतात. अध्यक्ष मूल, ठराव मुलांचे, चुकाही मुलांच्याच. मोठ्यांनी मागे बसायचं आणि बोलायचं नाही.

"अजिबात?" मी विचारलं.

"अजिबात, सिस्टर."

माझा आवाज बाळंतपणाच्या खोलीतून बाजारापर्यंत जायचा. या गावातली निम्मी माणसं माझ्या ओरडण्यावर जगात आली. आणि मला म्हणे गप्प बसा!

मग नाटक करून बघितलं. एडेम मूल झाला, मी मोठी. तो म्हणाला, "सिस्टर, आम्हाला असं वाटतं की आपण—"

"ससे पाळा," मी म्हटलं.

"मी अजून विचारलंच नाही!"

"पण उत्तर तयार आहे ना!"

ओपानिन एवढे हसले की शिंपी जागा झाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
घरी गप्प बसायचा सराव केला. अडोमाने कपाळाला हात लावून ताप बघितला.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आज मुलांसकट सभा. पाववालीची आचिया अध्यक्ष झाली. भांडखोर आहे, पण बोलते स्पष्ट. अडोमा कोपऱ्यात. माझी नात बारा वर्षांची झाली, पण चारचौघांत तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. घरीही कमीच बोलते. मी म्हणायची, शांत स्वभाव.

आचिया खुर्चीत बसून म्हणाली, "आपण गोगलगायी पाळायच्या."

आणि काय सांगू! ओपानिन उठले, छत्री जमिनीवर टेकवली, घसा साफ केला. "ऐका, मंडळी! जिच्या आईच्या भट्टीचा वास सकाळी साऱ्या गावाला उठवतो, त्या आपल्या अध्यक्षा म्हणतात— जो प्राणी आपलं घर पाठीवर घेऊन फिरतो आणि कुणाकडे भाडं मागत नाही, त्याला आपण आसरा द्यावा!"

पोरं बाकांवर चढून नाचली. एडेमच्या तोंडाचा आ झाला. "ओपानिन! मोठ्यांनी बोलायचं नाही!"

"मी कुठे बोललो? ती बोलली. मी फक्त पोचवलं." ओपानिन शांतपणे म्हणाले. "ती खुर्चीत बसलीय. खुर्चीतल्या माणसाचं बोलणं उघडंबोडकं लोकांच्या कानावर टाकायचं? आमच्यात नाही चालत, बाळा. तुमच्याकडे चालत असेल."

एडेम नदीपलीकडचा, एवे जमातीचा. त्याने ते वहीत टिपून घेतलं. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. बोलायचं नाही ठीक आहे, पण पोचवायला कुठे बंदी आहे?

२५ सप्टेंबर, गुरुवार
फसले!

गोगलगायींसाठी लाकडी खोकं झालं. झाकण काय लावायचं यावर मुलांनी अर्धा तास घालवला आणि ठराव केला, जुनी मच्छरदाणी सुतळीने बांधायची. मच्छरदाणी! आमच्याकडचं रांगतं पोरही सांगेल, गोगलगाय रात्रीतून झाकण उचलते. तारेची जाळी लागते, वर धोंडा लागतो. माझ्या जिभेला मुंग्या आल्या. ओपानिनच्या कानाशी लागून मी हळूच म्हटलं, "तारेची जाळी आणि धोंडा. पोचवा."

ते उठले. "मंडळी! एक शहाणी म्हातारी म्हणते—"

"कोण म्हातारी?" मीच ओरडले.

सगळं उघडं पडलं. एडेम माझ्याजवळ आला, रागावला नव्हता हेच वाईट. "सिस्टर, ओच्यामे अध्यक्षाचा असतो, तुमचा नाही. आणखी एकदा असं झालं तर मी तुम्हाला पास करू शकणार नाही. मग क्लबही नाही."

क्लब नाही म्हणजे अडोमा डिसेंबरात टेमाला. मूग गिळून बसले.

पण पोरांना ओच्यामे हवाच होता! आचिया म्हणाली, ठराव करू. ओच्यामे आपल्यातलाच, मोठा नको. कोण? मागून कोणीतरी म्हणालं, "अडोमा! ती कधीच कुणाच्या मध्ये बोलत नाही. म्हणजे ऐकत असणार."

हात भराभर वर गेले. मी उठलेच होते. 'तिला नाही जमणार, ती लाजते, तिला छळू नका' — सगळं ओठांवर आलं होतं. ओपानिनने माझ्या तळहातावर कोलाची बी ठेवली, आमच्याकडे सुपारीसारखी चघळतात ती. कडू जहर! ती चावण्यात तोंड गुंतलं आणि तेवढ्यात अडोमा पुढे जाऊन त्यांची छत्री घेऊन उभीसुद्धा राहिली.

२८ सप्टेंबर, रविवार
आज चर्चमध्ये गोगलगायी!

खोकं शाळेच्या मागे, शाळेला लागून चर्च. रात्री पाऊस झाला, त्यामुळे गोगलगायींना चालायला सोयीचं गेलं असणार. पास्टर पापावर बोलत होते. "पाप हळूहळू येतं, बंधूंनो, पाप सरपटत येतं—" आणि व्यासपीठाच्या कडेवरून एक मुठीएवढी गोगलगाय शिंगं वर करून सावकाश वर आली. गाणाऱ्या बायकांत एकच किंकाळी. दुसरी ढोलावर. तिसरी शिंप्याच्या टोपीवर, आणि तो झोपलेला!

मी हसून हसून बाकाखाली गेले. गुरुवारपासून मला माहीत होतं आणि मी बोलले नव्हते! गप्प राहण्यात एवढी मजा असते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
पास्टर तणतणत सभेत आले. आचियासमोर उभे राहून बरंच बोलले. देवाचं घर, लाज, उद्धटपणा, आजकालची पोरं. आचियाचे डोळे भरले. आता भांडण होणार आणि क्लब परत मरणार, असं मला वाटलं. एडेमने माझ्याकडे बघितलं. मी कोलाची बी तोंडात टाकली. हल्ली पिशवीतच ठेवते.

अडोमा उठली. छत्री टेकवली.

"अध्यक्षा, पास्टरांचं म्हणणं तुमच्या कानी घालते." आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "पास्टर म्हणतात, आपल्या गोगलगायी देवाला भेटायला आल्या, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्या प्रवचनाच्या मधे आल्या, याबद्दल आहे. पुढच्या वेळी वेळेवर याव्यात आणि मागे बसाव्यात."

मग पास्टरांच्या मिशा हलायला लागल्या. पोट धरून हसले! जाताना म्हणाले, तार माझ्याकडे पडलीय, घेऊन जा. मुलांनी लगेच ठराव केला, तारेची जाळी आणि वर धोंडा. मी न सांगता.

घरी येऊन विचारलं, "कुठे शिकलीस गं हे?"

"ओपानिन आजोबांकडे. रोज शाळा सुटल्यावर."

मला वाटायचं ती विहिरीवर रेंगाळते. खोलीत जाऊन मी रडले. आनंदानेच. माझ्या नातीचा आवाज इतका गोड आहे आणि तो मी पहिल्यांदा चारचौघांबरोबर ऐकला!

१२ ऑक्टोबर, रविवार
आफ्रियेचा फोन. "अडोमाला विचारलंस का? काय म्हणते?"

"काय म्हणणार! खूष आहे. अजिबात यायचं नाही म्हणते."

अडोमा समोर भाजीसाठी कोंतोमिरेची, अळूसारखी, पानं निवडत होती. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग परत निवडायला लागली. पानं जून होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
पास! मी पास!

जिल्ह्याच्या बाई आल्या, मागे बसून अख्खी सभा पाहिली. मी एक शब्द बोलले नाही. एकदा शिंक आली, तीही दाबली. शिंपी झोपला म्हणून त्याचंच जास्त कौतुक झालं— 'मुलांवर केवढा विश्वास!' एडेमने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सिस्टर, खरं सांगू? तुमची आशा मी सोडली होती."

शेवटी मुलांनी नवा ठराव केला. मोठ्यांना काही सांगायचंच असेल तर ते ओच्यामेमार्फत सांगावं, आणि ओच्यामेला योग्य वाटलं तरच ती ते पोचवेल. ओपानिन म्हणाले, "राजाकडूनसुद्धा मी एवढी सवलत घेतली नव्हती."

माझी थाप आता शंभर टक्के खरी आहे. क्लब आहे, आणि अडोमाशिवाय तो बंदच पडेल. आफ्रियेला उद्या फोन करून सांगणार. आज मस्त झोप लागेल.

३० ऑक्टोबर, गुरुवार
सभेत अडोमाने माझा निरोप पोचवला नाही! 'गोगलगायींना पपईची पानं घाला' एवढाच होता. विचारलं तर म्हणे, "त्यांनी आधीच घातलीत, आजी. तू बघितलं नाहीस." कार्टी!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याकाळी जेवणाला उकडलेल्या कंदांचा फुफू कुटत होतो. मी मुसळ मारते, अडोमा उखळात हात घालून गोळा परतते. मध्येच तिने हात काढून घेतला. मुसळ वरच थांबलं. ती उठली, दारामागची छत्री आणली, चुलीपाशी टेकवली.

"आजी, अडोमाचा निरोप आहे. अडोमा म्हणते, तिला आईकडे जायचंय. आजीवर राग नाही. क्लबात आचियाच्या धाकट्या बहिणीला तिने छत्री धरायला शिकवलंय, क्लब बंद पडणार नाही. आणि अडोमा म्हणते, आजीने हे पूर्ण ऐकावं."

उत्तरं सगळी तयार होती. टेमाचा उकाडा, तिथली शाळा, रात्रपाळी करणारी आई. कोलाची पिशवी खुंटीवर होती, हात पुरला नाही. तरी एकही उत्तर दिलं नाही.

मग म्हटलं, "ओच्यामे, अडोमाला सांग. आजीने ऐकलं."

तिने परत उखळात हात घातला. फुफूत गुठळ्या राहिल्या. दोघींनी तसाच खाल्ला.