मका उंच दिसावा म्हणून

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. लोअर परळच्या ऑफिसात आज चाऱ्याच्या मक्याचं एक वाण निवडायचं होतं. माझं बुटकं, आठ वर्षं खपून तयार केलेलं. धांडा मऊ, गुरांना सहज पचणारा. दुसरं उंच, पण धांडा नुसता लाकूड. साहेबांनी फोटो बघितले आणि उंच घेतलं. म्हणे, "शेतकरी उंची बघूनच बियाणं घेतो, मॅडम." अहो, पण खायचं कुणाला आहे?

नमुन्याच्या दोन्ही जुड्या उचलून आणल्या. फणसवाडीत देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या शांताबाईंना दिल्या. गाईने माझा मका धांड्यासकट संपवला. उंच मक्याची पानं ओरबाडली, धांडे तसेच टाकले. शांताबाई वैतागल्या, "बाय, ही लाकडं कशाला आणलीस?"

गाईला कळलं, साहेबांना नाही!

आणि तो फोटो. सारखा डोळ्यांसमोर येतोय. उंच मक्याशेजारी मीच उभी आहे. फोटोवाला म्हणाला होता, "मॅडम, जरा गुडघ्यात वाका, मका उंच दिसेल."

वाकले मी. वर हसलेसुद्धा.