अंगणातल्या फेऱ्या

वहिनी,

आज सकाळी चहाचं आधण ठेवून मी स्वयंपाकघराच्या खिडकीवरची वाफ पुसली, तेव्हा तुम्ही अंगणात सायकल धरून उभ्या होतात. फरशीवरचं दव गोठलं होतं. अशाच गोठलेल्या वळणावर घसरून पडल्यापासून तुम्ही छापखान्यात चालत जाता, आणि आज गिऱ्हाईक आलं की सायकल देऊन टाक, असं मला बजावलं होतंत. मला वाटलं, तुम्ही तिचा निरोप घेताय.

पण तुम्ही सीटवर बसलात. हँडल थरथरताना मला खिडकीतूनही दिसलं. “खाली काय बघतेस, पुढे बघ,” असं स्वतःलाच दटावत तुम्ही भिंतीपर्यंत गेलात, पाय टेकलात, वळलात आणि पुन्हा निघालात. “हिला भीती ठाऊकच नाही, म्हणून आपटली,” असं दादा म्हणतो. त्याला काय कळतंय! एवढी घाबरलेली आणि तरीही पुन्हा पॅडल मारणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली.

पाय सहज टेकावेत म्हणून मी सीट थोडी खाली केली आहे. टायर रस्ता नीट धरतील, इतपत हवाही कमी केली आहे.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही “राहू दे गं” म्हणाल्या असतात. मी रात्रपाळीला निघत होते, तेवढ्यात गिऱ्हाईक दारात आलं. “सायकल घरात लागते,” एवढंच सांगून मी त्यांना परत पाठवलं.

— तुमची नणंद