तेल तापेपर्यंत

१२ फेब्रुवारी

चि. गोटीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, सपाटीवर बरा असतो. परवा तुझा फोन आला तेव्हा "मशीन चालू आहे, नंतर बोलतो" म्हणून मी ठेवून दिला. मशीन खरंच चालू होतं, शप्पथ. पण बंद असतं तरी मी तेच म्हणालो असतो. फोनवर माझं अर्धं वाक्य तू पुरं करतेस आणि मग त्याच वाक्यावरून मलाच झापतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझ्या आत्यानं काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. नवीन शर्ट घेतला, हे खरं. जुन्याला भोकं पडली होती. केसांना रंग लावला, हे धादांत खोटं. ते ग्रीस होतं.

तर कामाचं सांगतो. आपल्या वर्कशॉपमध्ये एक ठेकेदार बाई यायला लागल्यात. जुन्या इमारती पाडायची, खडक फोडायची कामं घेतात. यजमान गेल्यावर सगळ्यांनी खोदाईचं मशीन विकायचा सल्ला दिला, तर या पठ्ठीनं स्वतःच चालवायला शिकून घेतलं. पहिल्यांदा आल्या त्या ब्रेकरची तक्रार घेऊन. मशीनच्या पुढच्या हाताला लावलेला तो खडक फोडायचा ब्रेकर सकाळी धडाधड चालायचा आणि दुपारपर्यंत त्याचा जीव जायचा. कुठल्याशा मिस्त्रीनं "नवा घ्या" म्हणून सांगितलं होतं. त्याच्या बापाचं काय जातंय!

माझी पद्धत तुला माहीत आहे, लहानपणी तूच मीटर धरून उभी राहायचीस. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकरला मशीनच्या पंपाकडून तेल किती जातं ते मध्ये मीटर जोडून बघायचं, वॉल्व्ह हळूहळू आवळून भार द्यायचा, आणि आकडा घ्यायचा तो तेल तापल्यावरच. थंड तेल जाड असतं, त्यावर थकलेला पंपही पैलवान दिसतो. थंडपणीचा आकडा मी कुणाचाच धरत नाही. तेल तापलं आणि दुखणं सापडलं. कुणीतरी ब्रेकरला हवं त्यापेक्षा जास्त तेल सोडून ठेवलं होतं, ते जास्तीचं नुसतंच तापत होतं. सेटिंग खाली आणलं, काम फत्ते.

पण तेल तापायला वेळ लागतो ना गं. तेवढा वेळ माणसानं करायचं काय? मग बोलणं होतंच.

बसायला मी तुझ्या आईची खुर्ची पुढे केली. तिच्यावरची विणलेली गादी बघून बाईंनी विचारलं, "ही कुणाची?" मी सांगितलं. "मग राहू दे," म्हणाल्या, आणि तेलाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर बसल्या. तेव्हापासून नेहमी तिथंच बसतात.

हो, नेहमी. कारण त्या पुन्हा आल्या. ब्रेकर ठणठणीत होता. "तरी एकदा बघून घ्या," म्हणाल्या. बघितला. पुन्हा आल्या. मग एकदा जमिनीत भोकं पाडायचा ड्रिल घेऊन आल्या, ज्याला आमच्या दोघांच्याही मते काहीही झालेलं नव्हतं. आपला वेल्डर क्वचितच तोंड उघडतो आणि उघडलं की खवचटच बोलतो. तो म्हणाला, "या मशीनची होते तेवढी तपासणी माझ्या हृदयाची झाली असती, तर मी शंभरी गाठली असती." मी त्याला काम करायला सांगितलं.

मागच्या आठवड्यात मात्र घोळ झाला. मीटर जोडला होता, तेल तापत होतं आणि बाई गोष्ट सांगत होत्या. मशीन शिकताना त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या घराचं कुंपण पाडलं, आणि शेजाऱ्याला वाटलं की कुंपणावरून चाललेलं भांडण आता यांनी असं मिटवलं. तो घाबरून माफी मागायला आला! आता असं ऐकताना मध्येच "तेल झालं" म्हणायचं? मी तो लांबून रोखायचा थर्मामीटर रोखला आणि म्हटलं, "अजून थंडच आहे." थोड्या वेळानं परत रोखला. "हट्टी तेल आहे हो."

पुढचं तुला कळेल, आत्याला कळणार नाही. चकचकीत पाइपावर रोखला की हा थर्मामीटर आकडा कमी दाखवतो. म्हणून पाइपावर काळी टेप लावायची आणि टेपवर रोखायचा. मीच हे सगळ्यांना शिकवत फिरतो. आणि त्या दिवशी मी रोखत होतो तो नव्याकोऱ्या, लखलखीत पाइपावर.

मशीननं एकदम भोंगा वाजवला. वेल्डर धावत आला, टाकीजवळ हात नेला आणि टुणकन मागे उडाला. "अहो, थंड कसलं! यावर चहाचं आधण ठेवा!" मी गडबडीत मशीन बंद केलं. मीटरच्या जोडातून तेल गळत होतं, ते निवल्यावर हाताला आलं त्यानं पुसलं. हाताला नवा शर्ट आला. तो अंगातच होता.

बाई डब्यावरून उठल्या. आधी पाइपाकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे. मनगटात टेपचं रीळ लटकत होतं.

"टेप लावायला विसरलात, की लावायचीच नव्हती?"

मी म्हटलं, "हो." कशाला हो, ते मलाही माहीत नाही.

"मशीनचं रबरी सील जळलं असतं माझं."

"चुकलं."

"बोलायचं असेल तर मशीन बंद ठेवूनही बोलता येतं. मुलीला सांगितलंय?"

"काय?"

"जे मला सांगत नाही आहात ते. तिला आधी सांगा. तिच्या नकळत मी या डब्यावरसुद्धा बसणार नाही."

आणि मशीन घेऊन गेल्या. तेव्हापासून फिरकल्या नाहीत. वेल्डर जेवताना त्या डब्यावर टेकतो, मी त्याला हाकलतो.

तर गोटे, सांगतो. मला त्या आवडतात. झालं सांगून. अक्षर वाकडं आलंय, समजून घे. तुझ्या आईला मी विसरलो नाही, विसरणारही नाही, खुर्ची रोज पुसतो. पण संध्याकाळी जेवायला बसलो की मी रेडिओशी बोलतो, आणि तो माझं न ऐकता बातम्या सांगतो. फार एकटं वाटतं गं. तू नको म्हणालीस तर मी बाईंना तसं कळवीन आणि तुझ्यावर रुसणार नाही. थोडा रुसेन.

एवढंच विचारायचं होतं. वर्कशॉपमध्ये दुसरी खुर्ची आणू का?

सध्या एकाच खुर्चीचा मालक,
तुझा बाबा

ता.क. आत्याला इतक्यात काही बोलू नकोस. तिला सांगणं म्हणजे भोंगा वाजवणं.


१६ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र आत्ता वाचलं आणि मी भयंकर चिडलेय. हे म्हणाले, दोन दिवस जाऊ दे, शांत झालीस की लिही. मी म्हटलं, मुळीच नाही. थंडपणीचा आकडा आमच्या घरात धरत नाहीत.

म्हणून चिडलेली असतानाच लिहितेय. आधी आत्याकडून कळलं, याचा राग आहे. मला मीटर धरायला शिकवणारा माणूस चकचकीत पाइपावर थर्मामीटर रोखतो, याची लाज वाटते. मघाशी आईची आठवण येऊन गॅसपाशी उभ्या उभ्या रडले, त्यात भाजी करपली, तेही तुमच्याच नावावर. आणि एवढं सगळं उकळत असताना मी स्वतःला परत परत विचारलं, तर उत्तर तेच येतंय. आणा खुर्ची.

एकटे जाऊन आणू नका, तुमची निवड मला शर्टांवरून ठाऊक आहे. बाईंना बरोबर न्या, त्यांना बसून बघू दे. आईची खुर्ची मला पाठवून द्या, गादीसकट. गादीवर कोपऱ्यात ग्रीसचा डाग आहे, तो घासून काढू नका. तो माझ्या हाताचा आहे, आईनं तेव्हा मला धपाटा घातला होता.

रविवारी मी येतेय. मीटर मी धरीन. तुम्ही बाईंच्या शेजारी बसा, आणि मशीन बंद असतानाच काय ते बोला.

अजून तापलेलीच,
तुमची गोटी