केशोरावांचे चार दिवस

नागपूर, ६ जुलै २०२५

ती. रंजिताबाईस,
लोकेशचा सादर जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलंय, पण तू ऐकणारी नाहीस हे मला ठाऊक आहे.

पत्राचं कारण वेगळंच आहे. काल आपला चुलतभाऊ उमेंद्र दवाखान्याच्या कामाने आला होता. चहा घेताघेता सहज बोलून गेला, की तू गावातल्या स्वावलंबन गटात गेलीस आणि त्या गटात मजुरी पैशांत नाही, बांबूच्या बिल्ल्यांत देतात. बाई, मी पतसंस्थेत नोकरी करतो, दिवसभर लोकांना भलत्यासलत्या योजनांपासून सावध करतो, आणि माझीच सख्खी बहीण बांबूचे तुकडे घेऊन शेती करायला निघाली! हसावं की डोकं धरून बसावं, तेच कळेना.

अडीच एकर आहे आपलं. बाबांनी चाळीस वर्षं सालदारकी करून शेताची एकेक बांधी जोडलेली. यंदा धानाची रोवणी वेळेवर झाली नाही तर पऱ्ह्यातली रोपं जागच्या जागी पिवळी पडतील आणि वर्षभर जमीन पडीक राहील. मी गावातल्या चैतरामशी बोललोय, तो ठेक्याने करायला तयार आहे. त्याला हो म्हण आणि बिल्ल्यांचा नाद सोड.

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
लोकेश

*

नवेगाव बांध, ११ जुलै

चि. लोकेशले,
रंजिताबाईचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र भेटलं. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू भडकते, मी रडते, अन् कामाचं तसंच राहून जाते.

एवढा काऊन घाबरून राहिला? मले कोणी फसवलं नाही. गावात रोवणीले बायाच भेटत नाही. ज्या आहेत त्याईले सकाळीच दुसऱ्या गावची गाडी घेऊन जाते. म्हून सतरा घरं एक झालो. रीत सोपी आहे. माझ्या बांधीत कोणी दिवसभर राबलं, का मी त्याले आपल्या घरच्या खुणेचा एक बिल्ला द्यायचा. तो बिल्ला ज्याच्या हातात, त्याच्या बांधीत आपल्या घरच्या माणसानं एक दिवस राबायचं. पैसे देऊन सुटता येत नाही, बदली मजूर चालत नाही. कोणाचाही दिवस असो, सारखाच. मी वाकत नाही, पण बसून पऱ्ह्याच्या पेंड्या बांधते, त्याचे मले बिल्ले भेटले. त्यातला एक मासोळ्या विकणाऱ्या कलाबाईनं घेतला अन् आठ दिवस मासोळ्या देल्या. तुझ्या पतसंस्थेत मासोळ्या भेटते का?

आता पहिले खाली बसून घे. आपल्या रोवणीले चार दिवस केशोराव येणार आहेत. हो, तेच. ज्याईच्या घरी बाबांनं जन्म काढला तेच केशोराव. पोरं बाहेरगावी गेली, त्याईलेही माणसं भेटत नाही, म्हून गटात आले. चार दिवसाचे चार बिल्ले आपण त्याईले देऊ. मंग चार दिवस आपल्या घरच्यानं त्याईच्या बांधीत रोवणी करायची. माझा गुडघा असा. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, म्हून गटात मी तुझं नाव लिहून देलं. तुले न विचारता देलं, हे माझं चुकलं. पण देलं.

भावजयीले अन् पोरीले गोड बोल, माझ्यावरचा राग त्याईच्यावर काढू नको.

तुझी,
रंजिताबाई

*

नागपूर, १५ जुलै

ती. बाईस,
जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि सुन्न झालो.

तू शुद्धीवर आहेस ना? केशोरावांच्या बांधीत मी? बाबा त्या चिखलात चाळीस वर्षं वाकले. सणाच्या दिवशीही त्यांना बोलावणं यायचं, आणि आई भाकर घेऊन शेताच्या धुऱ्यावर उन्हात बसून राहायची. मी एकदा हट्टाने त्यांच्यामागे बांधीत उतरलो, तर बाबांनी मला, कधी नव्हे ते, थापड मारली होती. तू होतीस तिथे. या चिखलात तुझा पाय पडला नाही पाहिजे, म्हणाले होते. आणि तू माझं नाव लिहून दिलंस! बाबा असते तर काय वाटलं असतं त्यांना?

आणि एक सांगतो, केशोराव येणार नाहीत. त्या घरचं माणूस आपल्या धुऱ्यावर कधी उभं राहिलेलं मला आठवत नाही. तू वाट बघत बसशील आणि पऱ्हे वाया जातील. दहा मजुरांचे पैसे तुझ्या मोबाइलवर पाठवले आहेत. कुठूनही माणसं आण आणि रोवणी उरक.

मी येणार नाही. जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाल.

लोकेश

*

नवेगाव बांध, २१ जुलै

चि. लोकेशले,
जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

तुझे पैसे वापस पाठवले, पाहून घे. थापडीचं मले आठवते. म्हून तर इतके दिवस तुले सांगाची हिंमत नव्हती.

केशोराव आले. सकाळी सात वाजता, एकटे, अडुसष्ट वर्षाचा माणूस, धोतर खोचून. मीच हबकली. अर्धा गाव धुऱ्यावर पाहाले जमा झाला. ते चिखलात उतरले अन् मले विचारलं का कुठून सुरू करू. माझ्या तोंडून निघालं, मालक, तुमच्या मनानं करा. मालक! जीभ जळो माझी.

अन् लोकेश, त्याईले रोवणी येतच नाही रे! जन्मभर धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहिला माणूस, रोप कसं खोसतात हे हाताले माहीतच नाही. मले सारं दिसून राहिलं होतं, पण मालकाले चुकलं कसं म्हणाचं? मी चूप बसली. दुसऱ्या दिवशी पाहते तं अर्ध्या बांधीचे रोपं पाण्यावर तरंगून राहिले. पऱ्हे थोडेच उरले होते.

गटाचं काम पाहणारी खुशबू आली अन् माझ्यावरच बरसली. म्हणे, तुमच्या चुपीनं बांधी बुडाली, दुसऱ्या कोणाले तुमी असं सोडलं असतं का? नसतं सोडलं. मी धुऱ्यावर उभी झाली. म्हणलं, “केशोराव, हे सारं उपटा अन् पुन्हा लावा. मी सांगते तसं लावा.”

मले वाटलं, आता निघून जातात. मंग ते वाकले अन् एकेक रोप उपटाले लागले. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, का तुझ्या बाबाले मी कधी विचारलं नाही, कंबर दुखते का म्हून. एवढंच म्हणाले अन् घरी गेले.

चवथ्या दिवशी त्याईच्या ओळी सरळ झाल्या होत्या. बाकीच्या बांध्या माझ्या कमावलेल्या बिल्ल्यांवर गटातल्या बायाईनं लावल्या, अन् आपली सारी रोवणी झाली. चार बिल्ले मी माझ्या हातानं त्याईले देले. त्याईची रोवणी अठ्ठावीस तारखेपासून आहे. तू नाही आला तं मी गटात सांगीन का माझ्यानं झालं नाही, अन् गटातून निघीन. तुले जबरदस्ती नाही.

जसा असशील तसा माझाच राहशील, हे ध्यानात ठेव.

तुझी,
रंजिताबाई

*

नागपूर, २४ जुलै

ती. बाईस,
लोकेशचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. एकदा तर काउंटरवरच, समोर माणूस पासबुक घेऊन उभा असताना. अजून खरं वाटत नाही. केशोराव, आणि आपल्या बांधीत! तू त्यांना उपटा म्हणालीस, हे तर त्याहून खरं वाटत नाही.

रजा टाकली आहे. सत्तावीसला संध्याकाळच्या गाडीने येतो. चैतरामला नाही म्हणून कळवलं.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. मला रोवणी येत नाही, बाई. बाबांनी शिकू दिली नाही. केशोरावांना शिकवलीस तशी मलाही धुऱ्यावरून शिकव, आणि चुकलो तर सगळ्यांसमोर उपटायला लाव.

आणि पहिल्या दिवशी त्या बांधीत पाय टाकताना मी बहुतेक थबकेन. तेव्हा तू मोठ्याने सांग, की हा सालदार म्हणून उतरत नाही. मला माहीत आहे, तरी सांग. बाबांना हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या मायेत आजवर राहिलो, पुढेही राहू दे.

तुझा धाकटा,
लोकेश