ज्याचा दिवस, त्याचा शब्द

१२ नोव्हेंबर, बुधवार

खोली वरच्या मजल्यावर! बुकिंग करताना दादाला आईचे गुडघे आठवले नाहीत. आठवणार कसे? ते गुडघे माझ्याकडे राहतात ना, आईसकट. काउंटरवर भांडून तळमजल्यावरची खोली मिळवली, तोवर आईची बॅग वर जाऊन पोचली होती. ती खाली आणली मीच. काय कोंबलंय तिच्यात कोण जाणे! चार दिवस डोंगरावर हवा खायला येताना कोणी बिऱ्हाड घेऊन निघतं का? भरताना मला हात लावू दिला नाही. ‘माझं मी बघते.’ बघते ती, उचलते मी.

चहाच्या वेळी दादाने नियम जाहीर केला. रात्री जेवायला कुठे जायचं यावरून दरवेळी वाद होतात, म्हणून रोज एकाचा नंबर. आज तो, उद्या वहिनी, परवा धाकटी बहीण, शेवटी मी. ‘ज्याचा दिवस, त्याचा शब्द. बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही.’ सगळ्यांना पटलं. किती न्याय, किती समानता! बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे, नऊ वर्षं. तिच्यासाठी असा नंबर लावायचं कधी कोणाला सुचलं नाही. सूप कुठे प्यायचं यासाठी मात्र लगेच सुचलं.

दादाने निवडलं ते गच्चीवरचं हॉटेल. ‘व्ह्यू बघ, व्ह्यू!’ अंधारात काय दिसणार? कपाळ! आईला एकेक पायरी चढवत नेलं. ती हूं की चूं करत नाही, त्याचाही राग येतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इथे आले ते डोंगर बघायला नाही, हे एकदा लिहून टाकते. आमची कंपनी नव्या गावात औषधांचा कारखाना काढतेय. तिथला तपासणी विभाग उभा करायला मला बोलावलंय. दोन वर्षं. प्रमुख मी! बावन्नाव्या वर्षी असं बोलावणं पुन्हा येणार नाही. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. दोन वर्षं आईला या दोघांनी आळीपाळीने सांभाळावं, एवढंच विचारायचंय. आईला अजून काही बोलले नाही. आधी यांची तोंडं कळू देत.

काल रात्री विषय काढला, आई हात धुवायला गेली तेव्हा. दादा म्हणाला, ‘आत्ता नको, घरी गेल्यावर निवांत बोलू.’ आणि मग मश्रूमचं सूप की टोमॅटोचं, यावर किती वेळ घालवला! वेटर बिचारा वही घेऊन अवघडून उभा.

आज सकाळी इथल्या न्हाणीघरात आईचा पाय सरकला. पडली नाही, मी होते. घरची रबरी चटई आणायला हवी होती म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत बसली. जसं काही मी दुसऱ्याच कोणाशी बोलतेय!

रात्री –

वहिनीचा नंबर. ती दिवसभर फोनवर तारे मोजत होती. ह्याला साडेचार, त्याला चार पूर्णांक सात. एका बाईला म्हणे तिथला केक खाऊन रडू आलं. मलाही आलं, ताट बघून! परातीएवढी थाळी, मधे चमचाभर भात, वर एक पान. आई ते पान उलटंपालटं करून बघत राहिली, खाली काही आहे का म्हणून. खोलीवर येऊन तिला चहाबरोबर बिस्किटं दिली.

पुन्हा विषय काढला. आईच्या समोरच काढला, लपवायचं किती! नोकरीचं नाव घेतलं नाही, नुसतं म्हटलं, आई थोडे दिवस तुमच्याकडे आली तर? वहिनी एकदम गोड झाली. ‘अगं, आमची काही ना नाही. पण त्यांना तुझी सवय. आमच्याकडे करमणार नाही त्यांना.’ आईला विचारलंस का, बाई? शेजारीच तर बसलीय! दादा बिल तपासण्यात गढून गेला. एरवी कधी तपासत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅगेचा पट्टा तुटला. आईला शाल हवी होती म्हणून कपाटावरून काढत होते. शाल वरच्या कप्प्यात होती. ‘खालचं उपसू नकोस,’ म्हणून माझ्यावरच ओरडली!

रात्री –

धाकटीचा नंबर. तिला जन्मात काही ठरवता आलेलं नाही. लग्नाचा शालूसुद्धा मीच ठरवला. एका हॉटेलच्या दारापर्यंत गेलो, ‘रिकामं दिसतंय, चांगलं नसणार.’ पुढचं, ‘फारच गर्दी आहे.’ तिसऱ्याचे पडदे आवडले नाहीत. अख्खा उतार उतरलो, परत चढलो. आईने एका बंद दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. तरी बाईंचं चालूच – ‘मघाचं पहिलंच बरं होतं का गं?’ शेवटी जिथे शिरलो तिथे एवढं ढणाढणा संगीत, की ऑर्डर हातवाऱ्यांनी द्यावी लागली.

परत येताना धाकटीला बाजूला घेतलं. नोकरीचं सगळं सांगितलं. वाटलं, हिला तरी कळेल, हिची वेणी घालण्यात माझी शाळा बुडलीय. तर म्हणते कशी, ‘ताई, तुझं बरं आहे गं. तू एकटी. आम्हाला संसार आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत.’

एकटी! मी एकटी असते तर गोष्ट वेगळी होती! मला एकटी राहायला मिळालंय कधी? चार रात्री माझ्या खोलीत दिवा लावून वाचत बसायला मिळालंय? सणसणीत काहीतरी बोलायला हवं होतं. आता अंथरुणात एकापेक्षा एक उत्तरं सुचताहेत आणि शेजारी आई घोरतेय. खरंच घोरतेय की ऐकतेय, देव जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज माझा दिवस. सकाळीच एकटी जाऊन जागा हेरून आले. एकही पायरी नाही, दार थेट रस्त्यावर. आत एकच लांब टेबल, मेनूकार्ड नाही. मालकीणबाई स्वतःच रांधतात. मी विचारलं, काय मिळेल? ‘जे केलं असेल ते.’ लगेच आवडल्या मला. शिवाय तिथे फोनला रेंज नाही. आज सगळ्यांना समोरासमोर बसवते आणि सांगते, बघू कुठे पळतात!

रात्री –

घोळ झाला. सगळा घोळ झाला.

जागा बघून वहिनीने नाक मुरडलं, पण नियम म्हणजे नियम. गरम सूप आलं, भाजलेले बटाटे आले, पाव आला. आईने दोनदा मागून घेतलं. मी हात पुसले आणि सुरुवात केली. ‘सोमवारी मला एक उत्तर द्यायचंय. त्याआधी आईचं—’

‘आज शेवटची रात्र आहे. वातावरण कशाला बिघडवतेस?’ दादा.

‘ताईचं ना, सगळीकडे आपलं भांडण,’ धाकटी.

माझ्या हातात चमचा होता. फेकणार होते, शपथ! तेवढ्यात आई म्हणाली, ‘माझा नंबर कधी?’

आईला नंबर द्यायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! माझ्याही नाही. मग दादा जोरात हसला. ‘चुकलंच की! आई, उद्याचा दिवस तुझा. बोल, कुठे जेवायचं?’

‘ज्याचा दिवस, त्याचा शब्द ना?’

‘अगदी.’

‘कोणी कुरकुर करायची नाही?’

‘अजिबात नाही!’

‘मग उद्या परत गेलो की तुझ्या घरी जेवायचं. सूनबाई करेल ते.’

हशा पिकला. वहिनी जरा उशिरा हसली. आणि माझा विषय बुडाला तो बुडालाच. आईला आजच लाडात यायचं होतं? मी तिच्याकडे बघत राहिले, तिने मान वर केली नाही. बटाटे खात होती.

ठरलं. सोमवारी ‘नाही’ कळवते. या लोकांपुढे पुन्हा पदर पसरायचा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादाकडे जेवलो. निघताना सवयीने आईची बॅग उचलायला वाकले. ‘ती राहू दे,’ आई म्हणाली. ‘तुझी तेवढी घे.’ आणि सोफ्यावर बसल्या बसल्या काठीच्या टोकाने बॅगेची चेन दाखवली.

उघडली. सुती कपडे, सगळे उन्हाळ्यातले. महिनोन् महिने पुरतील एवढ्या गोळ्या. टॉवेलात गुंडाळलेला बाबांचा फोटो. तळाशी आमची रबरी चटई.

‘आई, अगं, हे असं एकदम—’ दादा.

‘कुरकुर नाही. नियम तुझाच.’

वहिनीने विचारलं, ‘पण तुम्हाला इथे करमेल का?’

‘करमेल. न करमायला काय झालं?’ मग माझ्याकडे वळली. ‘स्वयंपाकघरात फोनवर बोलत होतीस त्या कंपनीवाल्यांशी. म्हातारी झालेय मी, बहिरी नाही. हो म्हणून टाक.’

राग आला. तिचाच आला! मला विचारायचं तरी. एकटीने ठरवलं, एकटीने भरलं, आणि मी आपली चार दिवस शिव्या घालत ती बॅग वर-खाली करत होते. घरून निघताना तिच्या खोलीतून गाडीपर्यंत मीच आणली ती. आज दादाच्या दारातून आतही मीच नेऊन ठेवली.