सीटखाली फुटलेलं मलम

गुनार्तो जावईबापू,

रतिहला घेऊन दवाखान्यात गेलोय. तिच्या कोपरांची कातडी सोलून निघाली आहे. भात झाकून ठेवलाय, एकट्याने गिळा.

तिचं कोपरांचं मलम मी माझ्या पारव्याच्या पायांना फासतो, म्हणून तुम्ही डबी स्कूटरच्या सीटखाली कुलपात ठेवलीत. फासलं, एकदाच, आणि पारवा आता सुराबायापर्यंत चालत जाऊन येतो. पण औषधवाल्या बाईंनी ते पाणी आणि तेल घोटून एकजीव केलं होतं. तुमच्या त्या सीटखाली मी सकाळी अंडं ठेवलं, तर दुपारी पिल्लू बाहेर आलं. तिथे मलम फुटणारच. तेल वर आलं, औषध सगळं तळाला बसलं. आठवडाभर पोरीला नुसतं तेल चोळलंत आणि काल तळ खरवडून सगळं जालीम औषध एकदम लावलंत. ‘थंड जागी ठेवा’ असं डबीवर छापलंय, ती माझी थाप नव्हे.

नवी डबी माझ्या खोलीत माठाला टेकून राहील. तुम्ही हात लावायचा नाही.

रतिह म्हणाली, “आजोबा, बाबांना काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल.” म्हणून बोललो नाही, लिहून ठेवलंय.

तुमचा सासरा,
कार्सोनो